मराठी सिनेमा ओटीटीला द्यायचाय? पिक्चर लॉकपासून अपलोडपर्यंत काय काय करावं लागतं

थिएटरचं रिलीज उरकलं, मग कुणीतरी ओटीटीबद्दल विचारलं की निर्मात्याच्या ऑफिसातून एक हार्ड डिस्क निघते. तिच्यात डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची फाइल) असतो, यूट्यूबसाठी काढलेली एक एमपीफोर असते आणि पोस्टरचं जेपीजी. एवढ्यावर कुठलाच मोठा प्लॅटफॉर्म सिनेमा घेत नाही, आणि मग धावाधाव सुरू होते, डीआय (कलर ग्रेडिंग) स्टुडिओने प्रोजेक्ट आर्काइव्हला टाकलेला असतो, साउंडवाला दुसऱ्या कामात अडकलेला असतो, सबटायटल करणाऱ्याचा नंबर लागत नाही. दीड-दोन वर्षं घाम गाळून केलेला सिनेमा असा शेवटच्या टप्प्यावर अडकतो ते बघवत नाही, म्हणून पहिल्यांदाच सिनेमा देणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. बघा, ओटीटी डिलिव्हरीचं काम शूटच्या आधी सुरू होतं, आणि सिनेमाचे सगळे सुटे भाग शेवटचं पेमेंट करायच्या आधी स्वतःच्या ताब्यात घ्यायचे असतात. खालची प्रत्येक पायरी शेवटी याच दोन गोष्टींवर येऊन थांबते.

आधी सिनेमा कुणाला देताय ते बघा

नेटफ्लिक्ससारखे प्लॅटफॉर्म ओळखीपाळखीशिवाय थेट आलेला सिनेमा बघतसुद्धा नाहीत, तिथे एजंट, डिस्ट्रिब्युटर किंवा त्यांच्याशी आधीपासून काम करणारी कंपनी लागते. शिवाय फाइल तयार करून पाठवायचं काम करणाऱ्या लॅबची त्यांची स्वतःची यादी असते, फुलफिलमेंट पार्टनर म्हणतात त्यांना, आणि लायसन्स केलेला सिनेमा बहुतेक वेळा अशाच लॅबमार्फत जातो. अॅपलच्या स्टोअरचंही तसंच, एकट्या निर्मात्याने ॲग्रिगेटर गाठायचा, म्हणजे अनेकांचे सिनेमे स्टोअरला पोचवणारी कंपनी. झी५, अल्ट्रा झकास अशा ठिकाणी मराठी कंटेंटची टीम असते, त्यांच्याशी थेट बोलणं होऊ शकतं. कित्येकदा सॅटेलाइट आणि डिजिटल हक्क एकाच करारात जातात, अशा वेळी फाइल चॅनेलच्या स्पेकप्रमाणे (फाइल कशी हवी त्याची तांत्रिक यादी) द्यायची की ओटीटीच्या हे लेखी विचारून घ्या, दोघांचा आवाजाचा लेव्हलसुद्धा वेगळा असतो.

बोलणं पक्कं झालं की पहिली मागणी एकच, "तुमचं डिलिव्हरी स्पेक पाठवा". ही पीडीएफ हातात आल्याशिवाय एकही फाइल एक्सपोर्ट करू नका. पुढे मी जे आकडे देतोय ते सर्रास चालतात, पण तुमच्या पीडीएफमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ती पीडीएफ खरी.

फ्रेम रेट, शूटच्या आधीच

२४ की २५, हे कॅमेरामन, एडिटर आणि साउंड या तिघांना एकत्र बसवून ठरवा आणि मग शेवटपर्यंत बदलू नका. टीव्हीतून आलेली टीम सवयीने २५ वर शूट करते, कारण आपल्याकडचं टीव्ही ब्रॉडकास्ट २५ वर चालतं. थिएटरमधला डीसीपी मात्र बहुतेक ठिकाणी २४ वर चालवतात. मग २५ वर शूट झालेला सिनेमा डीसीपीसाठी २४ वर हळू केला जातो, दोन तासांचा सिनेमा १२५ मिनिटांचा होतो, आवाज ताणला जातो, त्याचा पिच दुरुस्त करावा लागतो, आणि शेवटी तुमच्याकडे एकाच सिनेमाच्या दोन लांबीच्या आवृत्त्या तयार होतात. ओटीटीवाले मूळ फ्रेम रेट मागतात, म्हणजे ज्यावर शूट आणि एडिट झालं तो. त्यात पिक्चर २५ चं आणि मिक्स २४ चं असं दिलंत तर दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज कुठल्या कुठे जातात.

ड्रोनचे शॉट, मोबाइलवर घेतलेले शॉट, विकत घेतलेलं स्टॉक फुटेज हे ३० किंवा २९.९७ चं असू शकतं. टाइमलाइनवर नुसतं ओढून टाकलं की काही फ्रेम गाळल्या जातात किंवा डबल होतात आणि मूव्हमेंट अडखळते. क्यूसीवाले, म्हणजे आलेली फाइल तपासणारे, हे नक्की पकडतात. एडिटरला आधीच सांगा की असे शॉट वेगळ्या यादीत लिहून ठेव आणि प्रत्येकाचं कन्व्हर्जन नीट करून घे. २३.९७६ आणि २४ हे सारखे समजू नका, तासाभरात साडेतीन सेकंदांच्या वर फरक पडतो.

थिएटरची आवृत्ती साफ करणं

हे काम परदेशी गाईडमध्ये सापडत नाही, कारण तिकडे मध्यंतर नसतं. आपल्या डीसीपीत पुढे सेन्सॉर सर्टिफिकेट असतं, मग तंबाखूविरोधी फिल्म, मग रेडिओ पार्टनर, आउटडोअर पार्टनर, ज्वेलरी पार्टनर, मग आभारांच्या चार पाट्या, आणि बरोबर मध्ये मध्यंतराची पाटी. ओटीटी मास्टरमध्ये, म्हणजे द्यायच्या मुख्य फाइलमध्ये, यातलं बहुतेक काढायचं असतं. बॅनरचा लोगो, प्रस्तुतकर्ते, कायदेशीर डिस्क्लेमर आणि टायटल्स राहतात. कलर बार, काउंटडाउन, स्लेट हेही नको.

मध्यंतराची पाटी काढणं वाटतं तितकं सोपं नाही. पाटीवर बीजीएमचा (पार्श्वसंगीताचा) मोठा ठोका दिलेला असतो, तो आधीच्या सीनमधून सुरू होऊन पाटीवर संपतो. पाटी कापली की म्युझिक मध्येच तुटतं. म्हणून साउंड मिक्सच्या वेळीच संगीतकाराकडून मध्यंतराशिवायचा शेवट करून घ्या, ते पाच मिनिटांचं काम असतं, नंतर मागितलं तर सगळ्यांना परत जमवावं लागतं. आणि पाटी दहा सेकंदांची असेल तर ती काढल्यावर उत्तरार्धातलं प्रत्येक सबटायटल दहा सेकंद उशिरा येणार. थिएटरसाठी केलेली एसआरटी (सबटायटलची फाइल) तशीच पाठवली की नेमकं हेच होतं, पूर्वार्ध चोख आणि उत्तरार्ध सगळा सरकलेला, आणि घाईत तपासणारा माणूस पहिली दहा मिनिटं बघूनच ओके म्हणतो.

धूम्रपानाच्या सीनखाली जी ओळ येते ती डीसीपीत पिक्चरवर चिकटवलेली असते. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही तंबाखूचे नियम लागू झालेत, सुरुवातीला आणि मध्ये ३० सेकंदांच्या आरोग्य फिल्म, २० सेकंदांचा ऑडिओ-व्हिडिओ डिस्क्लेमर आणि दृश्य चालू असेपर्यंत खाली स्थिर इशारा. हे प्लॅटफॉर्म त्यांच्या बाजूने लावणार की तुम्ही द्यायचं ते विचारा. उत्तर काहीही आलं तरी तुमच्याकडे ओळ नसलेला स्वच्छ मास्टर हवाच, आणि तंबाखू कुठे कुठे दिसते त्याची टाइमकोडसकट (सिनेमातल्या नेमक्या वेळेसकट) यादी हवी.

सेन्सॉरने म्यूट केलेले शब्द, कापलेले शॉट यांचंही ठरवा. ओटीटीला सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट कायद्याने लागत नाही. तिथे २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतः वयाचं वर्गीकरण देतो, यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं. तरीही सेन्सॉर झालेलीच आवृत्ती हवी असं खूप ठिकाणी करारात असतं. कुठली आवृत्ती द्यायची ते करारातून उचला, अंदाजाने नको.

पिक्चरचा मास्टर

डीसीपीतून परत मूव्ही फाइल काढून ती ओटीटीला द्यायची, हा शॉर्टकट सर्रास सुचवला जातो, घेऊ नका. डीसीपी एक्सवायझेड कलरमध्ये असतो, गामा २.६ चा, अंधाऱ्या थिएटरसाठी ग्रेड केलेला, आणि जेपीईजी २००० मध्ये दाबलेला. घरच्या स्क्रीनसाठी रेक ७०९ (एचडी टीव्हीचं कलर स्टँडर्ड), गामा २.४, १०० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) मास्टर लागतो. डीआयवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा की थिएटर ग्रेड झाल्यावर ७०९ चा ट्रिम पास करायचाय, म्हणजे कलरिस्ट ब्रॉडकास्ट मॉनिटरवर सीन बाय सीन बघून दुरुस्त करेल. रात्रीचे सीन इथे सगळ्यात जास्त फसतात. थिएटरमध्ये कंदिलाच्या उजेडात माणसाचा चेहरा छान दिसतो आणि मोबाइलवर नुसता काळा डबा, हे ट्रिम पास न केल्याने होतं.

फाइल बहुतेक ठिकाणी प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेला व्हिडिओ फॉरमॅट) चालते, प्रोग्रेसिव्ह, इंटरलेस अजिबात नको. मोठ्या कमिशन केलेल्या कामाला आयएमएफ पॅकेज (पिक्चर, आवाज, सबटायटल वेगवेगळे ठेवून बांधलेला संच) मागतात, ते करायला लॅब लागते, घरी करायच्या भानगडीत पडू नका. सिनेमा एचडीत मास्टर झाला असेल तर एचडीच द्या. ओढूनताणून ४के केलेला लगेच ओळखू येतो आणि परत येतो. एचडीआर केलं नसेल तर तेही नंतर घाईने लावत बसू नका.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यामुळे फाइल परत येते आणि कुणाला कारण कळत नाही. एक म्हणजे लेव्हल. व्हिडिओची लीगल रेंज १० बिटमध्ये ६४ ते ९४० असते, एक्सपोर्ट करताना एका ठिकाणी फुल आणि दुसऱ्या ठिकाणी लीगल निवडलं गेलं की काळा रंग राखाडी होतो किंवा काळ्यातलं सगळं गायब होतं. दुसरी, स्कोप म्हणजे जास्त रुंद फ्रेमचा सिनेमा असेल तर वरखालच्या काळ्या पट्ट्या. पूर्ण सिनेमाभर पट्ट्यांची जाडी सारखी हवी. फ्लॅशबॅकसाठी मुद्दाम फ्रेम बदलली असेल तर तसं लेखी कळवा, नाहीतर क्यूसी तो दोष धरतं.

सोबत टेक्स्टलेस हवं. पिक्चरवर जिथे जिथे अक्षरं आहेत, टायटल्स, "सातारा, १९९२" अशी ठिकाणाची पाटी, मोबाइलवरचा मेसेज दाखवलेला ग्राफिक, ते सगळे शॉट अक्षरांशिवाय. वेगळी फाइल किंवा सिनेमाच्या शेवटी जोडलेले, स्पेकमध्ये असेल तसं. हिंदी किंवा तमिळ आवृत्ती करायची वेळ आली की याचीच गरज पडते आणि तेव्हा डीआयचा प्रोजेक्ट उघडायचे वेगळे पैसे लागतात.

आवाज

माझ्या मते मराठी सिनेमे सगळ्यात जास्त इथे मार खातात, आणि कारण पैसा एवढंच नाही, कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

थिएटरचं मिक्स मोठ्या हॉलमध्ये ८५ डीबीच्या रेफरन्सवर केलेलं असतं. कुजबुज खरोखर हळू आणि ढोलताशा खरोखर दणदणीत. घरी तेच लावलं की माणूस संवादाला आवाज वाढवतो आणि मिरवणुकीला रिमोट शोधतो. म्हणून निअरफील्ड मिक्स वेगळं करतात, छोट्या खोलीत, कमी लेव्हलवर ऐकून. नेटफ्लिक्सचं माप आहे उणे २७ एलकेएफएस (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या जोराचं एकक), दोन युनिट कमी-जास्त चालतं, आणि ते मोजायचं पूर्ण सिनेमाच्या संवादावर, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे २ डीबीच्या वर जाता कामा नये. बाकी बरेच प्लॅटफॉर्म याच्याच आसपास असतात. युरोपच्या ब्रॉडकास्टचं माप उणे २३ आहे आणि यूट्यूब साधारण उणे १४ च्या आसपास आवाज बसवतं, म्हणून यूट्यूबसाठी केलेलं जोरदार मिक्स ओटीटीला पाठवू नका आणि ओटीटीचं मिक्स ऐकून "आवाज कमी आहे" म्हणून साउंडवाल्याच्या मागे लागू नका. सगळा सिनेमा नुसता खाली ओढून आकडा जुळवणं म्हणजे निअरफील्ड मिक्स नव्हे, स्टेम्स (संवाद, संगीत, इफेक्ट्सचे वेगवेगळे ट्रॅक) उघडून संवाद आणि बाकीचं यांचा मेळ परत बसवावा लागतो.

द्यायचं काय, तर ५.१ आणि स्टिरिओ दोन्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. ५.१ मध्ये चॅनेलचा क्रम लेफ्ट, राइट, सेंटर, एलएफई (खर्जाचा चॅनेल), लेफ्ट सराउंड, राइट सराउंड. हा क्रम चुकला तर संवाद मागच्या स्पीकरमधून येतात, आणि हे लॅपटॉपवर ऐकून अजिबात कळत नाही. स्टिरिओ मिक्सला प्लगइन लावून तयार केलेलं खोटं ५.१ देऊ नका, ते घेत नाहीत.

आता एम अँड ई, म्हणजे संवाद काढून उरलेलं संगीत आणि इफेक्ट्स. डबिंगचा सगळा खेळ याच्यावर. सिंक साउंडवर (सेटवरच आवाज रेकॉर्ड करून) शूट केलेल्या सिनेमात पावलांचा, बांगड्यांचा, भांड्यांचा आवाज संवादाच्याच ट्रॅकवर बसलेला असतो, संवाद म्यूट केला की बाई मुकाट्याने हवेत चालल्यासारखी दिसते. तो आवाज फोलीने, म्हणजे स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड करून, भरून काढावा लागतो, त्यालाच फुली फिल्ड एम अँड ई म्हणतात. फोलीच्या बजेटमध्ये हे पहिल्यापासून धरा. मग प्रश्न येतो गर्दीचा. विसर्जनाच्या सीनमध्ये "गणपती बाप्पा मोरया" हा संवाद की इफेक्ट? हिंदी डबमध्येही तो घोष तसाच लागतो, वारीतला "ज्ञानोबा माउली तुकाराम" तसाच. पण मागच्या गर्दीत कुणी मराठीत "अरे सरक की बाजूला" ओरडत असेल तर ते डबमध्ये नको. म्हणून घोष, आरती, भजन, लोकगीत हे सगळं एका वेगळ्या ऑप्शनल ट्रॅकवर ठेवायला सांगा, म्हणजे ज्या भाषेला हवं ते घेतील.

स्टेम्स म्हणजे संवाद, संगीत, इफेक्ट्स वेगवेगळे, गाणी त्यातून वेगळी. ५.१ चे स्टेम्स, स्टिरिओचे स्टेम्स, दोन्ही घ्या. साउंड स्टुडिओच्या कोटेशनमध्ये हे शब्द लिहून घ्या. "फायनल मिक्स" एवढंच लिहिलेलं असेल तर स्टुडिओ तेवढंच देणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

सबटायटल आणि देवनागरी

इंग्रजी सबटायटल तर लागतंच, कित्येक ठिकाणी मराठी एसडीएचही मागतात, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठी, ज्यात दार वाजणं, दूरवर हलगी, कोण बोलतंय हेही लिहिलेलं असतं. आपल्या भाषेतला सिनेमा आपल्याच बहिऱ्या माणसांना बघता यावा यासाठी तरी प्लॅटफॉर्मने मागितलं नसलं तरी करा.

इंग्रजीसाठी साधारण शिस्त अशी, जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत ४२ अक्षरं, एक सबटायटल सेकंदापेक्षा थोडं कमी ते जास्तीत जास्त सात सेकंद, दोन सबटायटलमध्ये किमान दोन फ्रेमची फट, आणि शॉट बदलतो तिथे सबटायटल लटकत ठेवायचं नाही. भाषांतर मराठी समजणाऱ्याकडूनच करून घ्या. सासूला "अहो आई" आणि स्वतःच्या आईला "ए आई" म्हणणारी मुलगी इंग्रजीत दोन्हीकडे सारखीच बोलली तर सीनमधला ताणच निघून जातो. मशीनने काढलेलं सबटायटल तसंच पाठवणं हा नटांवर आणि लेखकावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

मराठी सबटायटलचा खरा घोळ फॉन्टचा. आपल्याकडे कित्येक टायपिंगवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. त्यांच्या मशीनवर मराठी सुंदर दिसतं, पण फाइल उघडली की आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा असतो, कारण तो युनिकोड नसतो. सबटायटलची फाइल युनिकोडच हवी, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केली असेल तर पूर्ण वाचून काढा, विशेषतः "वाऱ्यावर", "दुसऱ्या", "सुऱ्या" असे शब्द, कारण कन्व्हर्टर ऱ्य चा र्य करून टाकतो. काही कीबोर्डवर हा अर्धा र वेगळ्या पद्धतीने, मध्ये न दिसणारा कॅरेक्टर घालून टाइप होतो आणि टीव्हीवर तिथे चौकोन दिसू शकतो. ॲ आणि ऑ सुद्धा तपासा, काही ठिकाणी अ वर चंद्र वेगळा जोडलेला असतो. फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे एकच पद्धत ठेवा आणि फाइल एकदा स्वस्तातल्या अँड्रॉइड टीव्हीवर लावून बघा.

सबटायटल पिक्चरवर कधीच चिकटवू नका. फेस्टिवलसाठी केलेली चिकटवलेली कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये, ठळक नाव देऊन ठेवा, नाहीतर तीच चुकून जाते. सिनेमात मध्येच कुणी कन्नड किंवा कोकणी बोलत असेल आणि मराठी प्रेक्षकालाही ते कळायला हवं असेल, तर तेवढ्याच संवादांची वेगळी फोर्स्ड फाइल करतात, ती सबटायटल बंद असलं तरी दिसते.

कागदपत्रं

फाइल कितीही चोख असली तरी कागद अपुरे असतील तर सिनेमा लाइव्ह होत नाही, आणि कागद हे शूट संपल्यावर गोळा करणं फार जड जातं. कथा-पटकथा-संवाद लेखकाचा करार, दिग्दर्शकाचा, सगळ्या मुख्य नटांचा, संगीतकार-गीतकार-गायकांचा, एडिटर-कॅमेरामनचा, आणि प्रत्येकात ओटीटी किंवा डिजिटल माध्यमाचा उल्लेख. "सर्व हक्क" एवढ्यावर वाद होऊ शकतो. कथा कादंबरीवर किंवा नाटकावर असेल तर मूळ लेखकाचा किंवा वारसांचा करार, हाच सगळ्यात आधी मागतात. टायटल रजिस्ट्रेशन, जे मराठीसाठी बरेच जण अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा इम्पाकडे (निर्मात्यांची संघटना) करतात, ते पत्र. सेन्सॉर सर्टिफिकेट असेल तर ते. बैल, घोडे, कोंबड्या दाखवल्या असतील तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी.

गाण्यांमध्ये जास्त काळजी. सीनमध्ये मागे टपरीवर रेडिओ चालू आहे आणि त्यावर जुनं गाणं वाजतंय, तेवढ्या वीस सेकंदांसाठीही म्युझिक कंपनीचं सिंक लायसन्स (गाणं दृश्याबरोबर वापरायची परवानगी) लागतं. पारंपरिक अभंगाचे शब्द संतांचे असले तरी ज्या चालीत आणि ज्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही वापरलाय त्याचे हक्क कुणाचे तरी असू शकतात. लायसन्स घेताना मुदत आणि प्रदेश बघा, "फक्त भारत, फक्त थिएटर" असं घेतलं असेल तर ओटीटीला परत पैसे मोजायला लागतात. मग एक म्युझिक क्यू शीट बनवा, कुठलं संगीत कुठल्या टाइमकोडपासून कुठपर्यंत, संगीतकार कोण, गीतकार कोण, हक्क कुणाकडे. एडिटरचा असिस्टंट एका दिवसात करतो हे.

मेटाडेटा आणि पोस्टर

छोटं काम, पण लवकर करा. सिनेमाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच, सेन्सॉर सर्टिफिकेटवर एक आणि पोस्टरवर दुसरं नको. छोटा आणि मोठा सारांश मराठी-इंग्रजीत, शेवट न फोडता. नट आणि पात्रांची नावं, तंत्रज्ञ, कालावधी, वर्ष, भाषा. पोस्टर आडवं आणि उभं दोन्ही, थरांसकट म्हणजे पीएसडी, कारण प्लॅटफॉर्म त्यातून स्वतःचे आकार काढतो. ओटीटीच्या पोस्टरवर रिलीजची तारीख, स्पॉन्सरचे लोगो, पुरस्कारांची पानं, वेबसाइट काही नको. सेटवरचे चांगले स्टिल्सही लागतात, व्हिडिओतून काढलेली फ्रेम नव्हे. ट्रेलर वेगळा, त्यालाही टेक्स्टलेस, त्यालाही मिक्स.

क्यूसी, पाठवायच्या आधी स्वतः

लॅबमध्ये ऑटोमॅटिक क्यूसीची सॉफ्टवेअर असतात, पण त्याआधी घरचं क्यूसी करा. फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा, फुकट आहे, फ्रेम रेट, रेझोल्यूशन, कलर टॅग, ऑडिओ चॅनेल, सॅम्पल रेट सगळं दिसतं, ते स्पेकशी एक एक करून जुळवा. मग एक्सपोर्ट झालेली तीच फाइल, टाइमलाइन नव्हे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता दोघांनी बघा. एकाने हेडफोन लावून, सबटायटल चालू ठेवून. ज्याने एडिट केलंय त्याला एकट्याला बसवू नका, त्याचे डोळे त्या सिनेमाला सरावलेले असतात.

बघायचं काय, तर दोन शॉटच्या मध्ये राहून गेलेली एक काळी फ्रेम, सेन्सरवरचा पांढरा ठिपका जो अंधाऱ्या शॉटमध्ये चमकतो, ऑडिओचा खट्ट आवाज, लिप सिंक, शॉटमध्ये दिसणारा बूम, व्हीएफएक्सचा तात्पुरता टाकलेला शॉट, क्रेडिटमधलं चुकलेलं नाव. विजा, लग्नातले फ्लॅश, डीजेचे लाइट असे भराभर उघडझाप होणारे सीन असतील तर फोटोसेन्सिटिव्हिटीची टेस्ट करून घ्या, अपस्माराच्या रुग्णांना त्याचा खरंच त्रास होतो. जे सापडेल ते टाइमकोडसकट लिहा, सगळं एकदम दुरुस्त करा आणि फाइल परत पूर्ण बघा, फक्त दुरुस्त केलेली जागा बघून भागत नाही.

पाठवणं

दोन तासांचा एचडी सिनेमा प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये २४ फ्रेमला साधारण १६० जीबी होतो, ४के असेल तर ६३०-६४० जीबी. घरच्या नेटचा अपलोड स्पीड खरोखर ४० एमबीपीएस मिळत असेल तर एचडीला नऊ तास आणि ४के ला जवळपास दीड दिवस लागतो, तोही मध्ये काही तुटलं नाही तर. प्लॅटफॉर्म बहुतेक ॲस्पेरासारखं टूल देतो, ते मध्ये तुटलं तरी तिथून पुढे सुरू होतं. तालुक्याच्या गावी असाल तर हार्ड डिस्क घेऊन मुंबई-पुण्याच्या लॅबमधून अपलोड करणं सरळ पडतं.

पाठवायच्या आधी प्रत्येक फाइलचा एमडी५ चेकसम काढा आणि सोबत द्या. तिकडे उतरलेल्या फाइलचा चेकसम जुळला म्हणजे फाइल रस्त्यात बिघडली नाही याची खात्री. फाइलचं नाव रोमनमध्ये, स्पेसशिवाय, त्यात सिनेमा, आवृत्ती, फ्रेम रेट, भाषा आणि तारीख. "फायनल", "फायनल न्यू", "फायनल लास्ट" अशी नावं असतील तर कधीतरी चुकीची फाइल जाणारच.

रिपोर्ट आला की

पहिल्या फटक्यात पास होणं दुर्मीळ आहे, त्यामुळे क्यूसी रिपोर्ट बघून खचू नका. त्यात प्रत्येक मुद्द्याला गंभीरपणा लिहिलेला असतो. काही गोष्टी दुरुस्त कराव्याच लागतात, काही मुद्दाम केलेल्या असतात, जुन्या व्हीएचएसचं फुटेज खरखरीत दिसणारच, लग्नाच्या कॅसेटचा आवाज घोगरा असणारच. तिथे "दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर" असं टाइमकोडसकट उत्तर द्या, ते मान्य करतात. न भांडता, मुद्देसूद. दुरुस्ती करताना पिक्चरची लांबी एका फ्रेमनेही बदलू देऊ नका, बदलली तर ऑडिओ, एम अँड ई, सबटायटल, क्यू शीट सगळं परत.

या सगळ्यात डीआय आणि साउंड स्टुडिओचं शेवटचं पेमेंट बाकी असेपर्यंतच यादी हातात घेऊन बसा: ७०९ मास्टर, टेक्स्टलेस, ५.१ आणि स्टिरिओ मिक्स, स्टेम्स, एम अँड ई, ऑप्शनल ट्रॅक, डीआयचा आणि मिक्सचा प्रोजेक्ट, कॅमेऱ्याचं मूळ फुटेज. दोन वेगळ्या ड्राइव्हवर, दोन वेगळ्या पत्त्यांवर, जमलं तर एक एलटीओ टेपवर (दीर्घकाळ डेटा जपायची टेप). नुसत्या कपाटात पडून राहिलेल्या हार्ड डिस्कवर भरवसा नको, वर्षातून एकदा लावून फाइल उघडून बघा.

सिनेमा लाइव्ह झाला की त्याच दिवशी वेगवेगळ्या फोनवर, टीव्हीवर लावा. भाषा मराठीच दाखवतोय ना, सबटायटल शेवटच्या पंधरा मिनिटांतही जागेवर आहे ना, ५.१ चालू होतंय ना, पुढचा सिनेमा सुचवायच्या आधी तुमचे क्रेडिट पूर्ण जातात की मध्येच आकसतात, नटांची नावं बरोबर आहेत का. काही चुकलं असेल तर स्क्रीनशॉट आणि टाइमकोड घालून तुमच्या डिलिव्हरीच्या माणसाला लगेच मेल टाका, पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळ्यात जास्त लोक बघणार असतात.